बियाण्याची पिशवी जपता, मग गोळ्यांची पट्टी का फेकता?



पेरणी आटोपली की आपण एक काम न चुकता करतो. बियाण्याची रिकामी पिशवी, तिच्यावरचे लेबल, दुकानदाराची पावती आणि मूठभर बी असे सगळे एका गाठोड्यात बांधून आढ्याला लटकवून ठेवतो. हे शहाणपण आपल्याला ठेच लागून आले आहे. बी उगवलेच नाही तर आठ दिवसांत कळते. पण उगवले, कमरेइतके वाढले आणि बोंडच धरले नाही, तर ते कळायला तीन महिने जातात. तोवर दुकानदार हात वर करून मोकळा होतो. पंचनाम्याला आलेला अधिकारी पहिला प्रश्न विचारतो, "पिशवी कुठे आहे?" पिशवी असेल तर भांडता येते. नसेल तर कपाळाला हात लावून घरी यायचे.

आज मला याच जातीच्या एका नुकसानीबद्दल लिहायचे आहे. इथे बुडते ते पीक नव्हे, माणूस. पेरले त्या दिवशी काही दिसत नाही, दीड-दोन महिन्यांनी उलटते, आणि तेव्हा हातात पिशवी नसते. मी बोलतो आहे औषधाच्या उशिरा येणाऱ्या अॅलर्जीबद्दल.

मागच्या एका खरिपात आमच्या तालुक्यातल्या एका बाईला फिट आली. पस्तिशीची बाई, घरची सहा एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि ज्वारी. नवऱ्याने बाजारगावच्या डॉक्टरकडे नेले. डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या, फिट थांबली, बाई निंदणाला जाऊ लागली. इथवर सगळे ठीक. पाचव्या आठवड्यात ताप आला, अंगावर लाल पुरळ उठले. गावात येणारा डॉक्टर म्हणाला, गोवर. शेजारीण म्हणाली, उष्णता. नवऱ्याच्या मनात आले, काल आपण फवारणी केली, तिची बाधा झाली असेल. सुई झाली, सुट्या गोळ्यांची पुडी झाली. फिटच्या गोळ्याही रोज चालूच. चौथ्या दिवशी चेहरा सुजून डोळे मिटले, काखेत आणि मानेत गाठी आल्या, डोळे पिवळे दिसू लागले.

तालुक्याच्या रुग्णालयात विचारले, "दादा, गोळ्या कोणत्या चालू आहेत?" नवरा म्हणाला, "पांढऱ्या हायेत साहेब. गोल. सकाळी एक, रात्री एक." चिठ्ठी कुठे? सदऱ्याच्या खिशात धुतली गेली. पट्टी? पट्टी होती, पण अर्धी. दुकानदाराने पैशाच्या हिशेबाने कापून दिलेली. नाव छापलेला तुकडा दुकानात राहिला आणि गोळ्या घरी आल्या. जिल्ह्याच्या रुग्णालयात तोच प्रश्न, तेच उत्तर. या घोळात दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत बाईच्या सासूने तिला त्याच गोळ्या नेमाने दिल्या, कारण 'फिटची गोळी चुकवू नका' असे बजावून सांगितले होते. शेवटी भाऊ मोटारसायकलवर बाजारगावी गेला, दुकानदाराकडून नाव लिहून आणले. फेनिटॉइन. नाव वाचल्यावर डॉक्टरला दुखणे ओळखायला दहा मिनिटेही लागली नाहीत.

बाई वाचली. पाच आठवडे रुग्णालयात काढले, पुढे कित्येक महिने स्टिरॉइडच्या गोळ्या कमी कमी करत घेतल्या. पहिली वेचणी मजुरांच्या भरवशावर झाली. कापूस घरात यायच्या आधीच व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागली. म्हणजे भाव त्याचा. हे सगळे ज्या दोन दिवसांमुळे वाढले, ते दोन दिवस एका शब्दाचे होते. तो शब्द कागदावर असता तर?

आता हे दुखणे काय आहे ते समजून घेऊ. सुईची रिअॅक्शन आपल्याला माहीत आहे. पेनिसिलिनची सुई टोचली आणि पाच-दहा मिनिटांत माणूस घामाघूम होऊन कोसळला, असे प्रसंग गावोगावी ऐकलेले आहेत. ती तात्काळ येणारी अॅलर्जी. ही दुसरी जात वेगळी. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. एखाद्या माणसाच्या शरीरात हे राखणदार औषधालाच चोर समजतात. पण लगेच उठत नाहीत. त्यांची फौज वाढायला दिवस लागतात, आठवडे लागतात. फौज तयार झाली की ती औषधापुरती थांबत नाही. स्वतःच्याच कातडीवर, यकृतावर, किडनीवर, कधी फुप्फुसावर आणि हृदयावर चालून जाते. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणतात ते हे.

याचे दोन मोठे प्रकार आहेत. एकाला डॉक्टर 'ड्रेस' म्हणतात. हे नाव १९९६ साली रूढ झाले, दुखणे त्याच्या कितीतरी आधीचे. औषध सुरू केल्यापासून साधारण दोन ते आठ आठवड्यांत ते येते. ताप, पुरळ, चेहऱ्यावर सूज, गाठी, आणि आत यकृत किंवा किडनीला मार. रक्त तपासले तर इओसिनोफिल नावाच्या पेशी बहुधा वाढलेल्या सापडतात. दहातला एक रुग्ण दगावतो असा अंदाज बहुतेक ठिकाणी दिला जातो. दुसऱ्याला स्टीव्हन्स-जॉन्सन म्हणतात. १९२२ साली अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी दोन मुलांमध्ये त्याचे वर्णन केले, त्यांचीच ही नावे. हे साधारण चार दिवस ते चार आठवड्यांत येते. तोंड, डोळे, लघवीची जागा सोलून निघते, अंगावर फोड येतात आणि कातडी भाजल्यासारखी सुटते. कातडी तीस टक्क्यांहून जास्त सुटली तर त्या अवस्थेत तिघांतला एक जातो. जो वाचतो त्याचे डोळे कधी कधी कायमचे अधू होतात.

कोणत्या औषधांनी होते? फिटच्या फेनिटॉइन, कार्बामॅझेपीन, फेनोबार्बिटोन आणि लॅमोट्रिजीनने. युरिक अॅसिडच्या अॅलोप्युरिनॉलने. सल्फाच्या गोळ्यांनी. क्षयाच्या आणि एचआयव्हीच्या काही औषधांनी. दुखण्यावरच्या काही गोळ्यांनी. आणि कुष्ठरोगाच्या डॅप्सोनने. आपल्या भागाला कुष्ठरोगाच्या कामाची मोठी परंपरा आहे. बाबा आमट्यांचे आनंदवन १९४९ सालचे, वरोऱ्याचे. डॅप्सोन सुरू केल्यावर पाचव्या-सहाव्या आठवड्यात ताप, पुरळ आणि कावीळ येऊ शकते, हे वैद्यकाला १९५० च्या सुमारापासून ठाऊक आहे. म्हणजे ही काही काल शोधलेली गोष्ट नाही. ज्यांना कळायला हवे होते त्यांना सत्तर वर्षांपासून कळले आहे. ज्याच्या अंगावर ते येते त्यालाच कोणी सांगितलेले नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो, नाहीतर माझ्या लिहिण्याने उपकाराऐवजी अपकार व्हायचा. ही औषधे वाईट नाहीत. फिटची गोळी, क्षयाची गोळी, कुष्ठरोगाची गोळी यांनी लाखो माणसे उभी केली आहेत. ही अॅलर्जी फार क्वचित येते. फिटच्या ज्या गोळ्यांनी ती जास्त येते म्हणतात, त्यांतही हजारात एक ते दहा हजारात एक असा अंदाज आहे. हा लेख वाचून कोणी चालू गोळी बंद केली तर फिटने विहिरीत पडून मरायचा. आणि हेही ध्यानात घ्या की अशी बाधा झाली म्हणजे डॉक्टर चुकलाच असे नाही. कोणाला बाधेल हे बहुतेक वेळा आधी सांगता येत नाही. डॉक्टरच्या दवाखान्यावर दगड मारणे हा याचा उपाय नव्हे.

मग गुन्हा कुठे आहे? गुन्हा आहे नाव लपवण्यात.

मी शेतकी कॉलेजात शिकलो. कीटकनाशकाच्या डब्यावर काय असावे हे आम्हाला पाठ करायला लावत. १९७१ च्या नियमांप्रमाणे डब्यावर रंगाचा त्रिकोण असतो: लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. सोबत घडीपत्रक असते, त्यात विषबाधेची लक्षणे आणि उतारा लिहिलेला असतो, प्रादेशिक भाषेतही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हापासून प्रत्येक सभेत आपण सांगतो, बाधा झाली तर डबा सोबत घेऊन दवाखान्यात जा. डबा पाहिल्याशिवाय डॉक्टरला उतारा ठरवता येत नाही. बोंडअळीला मारायच्या औषधाला त्रिकोण, घडीपत्रक आणि मराठी. आणि माणसाला जगवायच्या औषधाला? कागदाची पुडी. वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेल्या तीन रंगांच्या चार गोळ्या. नाव नाही, गाव नाही.

सुटे, बिनलेबलाचे बी कोणी विकायला आणले तर आपण त्याला गावाबाहेर काढू. सुट्या, बिननावाच्या गोळ्या मात्र आपण हात जोडून घेतो आणि वर 'डॉक्टरच्या हाताला गुण आहे' म्हणतो. आपलीही यात चूक आहे, ती कबूल करू. सुई टोचली नाही तर डॉक्टर कच्चा, असे म्हणणारे आपणच. चिठ्ठी न घेता मेडिकलवर जाऊन 'अंगदुखीचे काहीतरी द्या' म्हणणारे आपणच. पण अडाणी गिऱ्हाईक आहे म्हणून माल बिननावाचा विकायचा, हा न्याय कुठला? मोंढ्यात आपला कापूस आला की ग्रेड बघतात, ओल बघतात, धाग्याची लांबी विचारतात. विकताना आमच्या मालाची सगळी कुंडली पाहिजे, आणि विकत घेताना आम्ही डोळे मिटून गिळायचे?

कोणी म्हणेल, कायदा नाही का? आहे. शेड्यूल एचमधली औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. पट्टीवर तसा इशारा छापलेला असतो. डॉक्टरने औषधाचे मूळ नाव वाचता येईल अशा अक्षरात, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावे, हे वैद्यक परिषदेच्या नियमात २०१६ पासून स्पष्ट आहे. भरती झालेल्या रुग्णाचे कागद तीन वर्षे जपावेत आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यावेत, हेही २००२ च्या त्याच नियमांत आहे. औषधाच्या बाधेची नोंद घेणारी देशव्यापी योजना २०१० पासून चालू आहे. तिचे मुख्य केंद्र गाझियाबादला आहे आणि नोंदणी केंद्रे मुख्यतः वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत. रुग्णाने स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही काढलेला आहे. फुकटचा फोन आहे: १८००-१८०-३०२४. तक्रार डॉक्टरविरुद्ध नसते, नोंद औषधाची होते.

अशा नोंदींतून काय होते ते पाहा. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी याच केंद्राने देशभर सावधगिरीची सूचना काढली की मेफेनॅमिक अॅसिडने 'ड्रेस' होऊ शकतो, डॉक्टरांनी आणि रुग्णांनी लक्ष ठेवावे. मेफेनॅमिक अॅसिड म्हणजे कोणते दुर्मिळ औषध नव्हे. पाळीच्या दुखण्यावर, दातदुखीवर, लेकरांच्या तापावर घरोघरी चालते. ही सूचना शहरातल्या वर्तमानपत्रांत छापून आली. आपल्या गावच्या मेडिकलच्या काचेवर कोणी लावली का? ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कोणी लिहिली का? लाल्या रोगाची सूचना आपल्यापर्यंत येते, गुलाबी बोंडअळीची येते. माणसाच्या औषधाची सूचना मात्र वेशीवर अडते.

आणि सरकारने मनावर घेतले तर काय होते तेही पाहा. तैवानमध्ये २००४ साली संशोधकांना आढळले की कार्बामॅझेपीनने कातडी सोलली जाणाऱ्या रुग्णांच्या रक्तात वारशाने आलेली एक ठरावीक खूण असते. मग त्यांनी सुमारे ४,९०० जणांची औषध देण्याआधी रक्ततपासणी केली. खूण निघाली त्यांना दुसरे औषध दिले, बाकीच्यांना कार्बामॅझेपीन. त्यांच्यात एकालाही स्टीव्हन्स-जॉन्सन झाला नाही. हा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. पुढे डॅप्सोनसाठीही अशी खूण चीनमध्ये सापडली, २०१३ साली. आपल्याकडे अशी तपासणी प्रत्येक खेड्यात उद्या होईल असे मी म्हणत नाही. पण जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात ती का होऊ नये, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

तोवर आपल्या हातात काय आहे? पिशवी जपण्याची सवय आहे, तीच घरात आणायची.

पहिले, प्रत्येक घरात औषधांची एक वही. गोळी सुरू केली की तारीख, औषधाचे नाव, कोणत्या दुखण्यासाठी आणि कोणी दिली, एवढे चार रकाने. घरातले शाळेत जाणारे पोर हे लिहू शकते. रिकामी पट्टी फेकायची नाही, वहीच्या पानाला टाचून ठेवायची, निदान तीन महिने. पट्टी कापून देत असेल तर दुकानदाराला सांगायचे, "भाऊ, नाव असलेली बाजू इकडे द्या, नाहीतर पावतीवर लिहा." पावती घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरायची नाही.

दुसरे, खुणा ओळखायच्या. नवी गोळी सुरू करून दोन महिने व्हायच्या आत ताप आणि पुरळ एकत्र आले, चेहरा किंवा डोळ्यांभोवती सुजले, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा झाल्या, कातडी दुखू लागली, फोड आले, डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली, तर यातले काही दिसल्यावर उद्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा, वही आणि पट्टी सोबत न्या. दुखण्याची साधी गोळी असेल तर पुढची घेऊ नका. फिटची, क्षयाची, कुष्ठरोगाची असेल तर पुढच्या गोळीची वेळ यायच्या आधी डॉक्टरसमोर उभे राहा. गोळी थांबवायची आणि दुसरी द्यायची हे काम त्यांच्या हातून होऊ द्या. दवाखान्यात आपण होऊन सांगा, "डॉक्टर, ही गोळी अमुक तारखेला सुरू केली." डेंग्यू आणि स्क्रब टायफसच्या दिवसांत ताप-पुरळ पाहून डॉक्टरचे लक्ष तिकडेच जाते. ती तारीख त्यांना वाटेवर आणते.

तिसरे, एकदा बाधलेले औषध जन्मभर बंद. शरीराचे राखणदार विसरत नाहीत. पुन्हा तेच औषध पोटात गेले तर दुखणे आठवड्यांनी नव्हे, दिवसांत किंवा तासांत उलटते आणि पहिल्यापेक्षा जोराने. शिवाय फेनिटॉइन, कार्बामॅझेपीन आणि फेनोबार्बिटोन ही सख्खी भावंडे आहेत, एक बाधले तर दुसरेही बाधू शकते. म्हणून औषधाचे नाव मोठ्या अक्षरात लिहून रेशनकार्डाच्या प्लास्टिकात ठेवा. भावाबहिणीला, लेकरांनाही सांगून ठेवा. काही घरांत ही खोड रक्ताने उतरते.

चौथे, गरज नसलेली गोळी घ्यायची नाही. तपासणीत युरिक अॅसिड थोडे वाढलेले दिसले, सांधा एकदाही सुजला नाही, तरी अॅलोप्युरिनॉल सुरू झाले, असे कागद मी पाहिले आहेत. अशा वेळी "ही खरेच लागते का?" एवढे विचारायला लाजू नका. फवारणीआधी आपण अळ्या मोजतो, नुकसानीची पातळी बघतो. पोटात घालण्याआधी तेवढे तरी बघू.

या जिल्हा मेळाव्यात मी एक ठराव मांडणार आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक दवाखान्याने, सरकारी असो की खाजगी, औषधाचे नाव वाचता येईल असे लिहून द्यावे. बिननावाची पुडी बंद व्हावी. मेडिकलने पावती न मागता द्यावी. औषधाच्या बाधेबद्दल निघालेली प्रत्येक सूचना मराठीत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आणि मेडिकलच्या दारावर लागावी. आशाताईला त्याचे शिक्षण मिळावे. यात सरकारी तिजोरीतून फारसा पैसा जायचा नाही. आपण सूट मागत नाही, अनुदान मागत नाही. आपण विकत घेतलेल्या मालाचे नाव मागतो आहोत.

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. पण वही उद्यापासून सुरू करता येते. मेळाव्याहून घरी गेलात की आढ्याला लटकवलेल्या बियाण्याच्या गाठोड्याकडे एकदा बघा. त्याच्या शेजारी अजून एक खिळा ठोका. औषधांची वही तिथे टांगा. ती बाई आज पुन्हा निंदणाला जाते. तिच्या घरात तो खिळा आहे.